खालच्या शेडमधलं पिवळं पाणी

१

खालच्या शेडमधलं पाणी पिवळं होतं.

आईनं भांडं उचलून दारातल्या उजेडात धरलं, वास घेतला, पुन्हा धरलं. त्यानंतर तिचा चेहरा असा झाला की घरात मांजर असती तर ती उठून शेजाऱ्यांकडे राहायला गेली असती.

फौजदार आईच्या मागेच उभी होती. फौजदार म्हणजे घरातली नववीतली मुलगी. बोलायला लागल्यापासून ती ‘कोणी, कधी, का’ यापलीकडे फारसं काही बोललीच नव्हती, म्हणून हे नाव पडलं. मधली काही वर्षं ते प्रश्न ती मनातल्या मनात विचारायची. यंदा काय झालं कोण जाणे, ते तोंडातून बाहेर पडायला लागले, आणि गंमत म्हणजे लोक उत्तरंही देऊ लागले.

आज मात्र प्रश्न आईनंच विचारला, तोही थेट आत्याला.

पार्श्वभूमी अशी, की घरामागे टर्क्यांच्या दोन शेड. एक मागच्या दाराला लागून, ती खालची. दुसरी उतारावर, दगडी पायऱ्या चढून गेलं की, ती वरची. टर्क्यांचा व्याप आई आणि आत्या दोघींचा. अर्धं डोकं आईचं, अर्धं आत्याचं, आणि ही दोन्ही अर्धी सकाळपासून एकमेकांशी भांडत. यंदाच्या पिल्लांना कॉक्सी झाली. हा आतड्यात घर करणारा परजीवी. एका पेशीचा जीव, डोळ्याला दिसत नाही, पण पिल्लाला आतून पोखरून काढतो. पिल्लं पंख पाडून, माना आत ओढून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि पातळ, चिकट हगतात. पशुवैद्य डॉक्टरीणबाईंनी पाण्यातून द्यायची पावडर दिली. आईनं एकाच पुड्यातली पावडर, एकाच मापानं, दोन्ही शेडमध्ये सुरू केली. वरची पिल्लं पाहता पाहता सावरली. खालची काही केल्या उठेनात. आज सकाळी आणखी दोन ताठ झालेली सापडली.

आणि आता हे पाणी.

“ताई,” आई म्हणाली, “औषध चालू असेपर्यंत तुमचं काहीही घालायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं? माझ्या पाठीमागे तुम्ही काही घातलंत की नाही, एवढंच सांगा.”

आत्याचा झाडपाल्यावर भारी विश्वास. कापलं की हळद, खोकला की हळद, कोंबडी रुसली तरी हळद. त्यामुळे पिवळं पाणी बघून कोणाचंही बोट तिच्याकडेच गेलं असतं. आत्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

ती बॅग होती.

२

आत्याची बस दुसऱ्या दिवशी सकाळची. ती धाकट्या काकाकडे निघाली होती, आणि ‘चार दिवस’ असं काही ती म्हणत नव्हती. कपाटातले हिवाळ्याचे कपडेसुद्धा बॅगेत जात होते. फौजदारापुढे वेगळाच प्रश्न होता. आत्या गेली तर या घरात तिच्या बाजूनं भांडणार कोण? आणि आईशी तोडीस तोड भांडणार कोण? आई तर कंटाळून जाईल.

बरं, हे आबांच्या कानावर घालायची सोय नव्हती. आबा म्हणजे आजोबा, आत्याचे वडील. रक्तदाब वाढला तेव्हापासून घराचा कायदाच होता : आबांना काही कळू द्यायचं नाही. पिल्लं मेली, ‘झोपलीत’. आई-आत्यांची जुंपली, ‘गप्पा चालल्यात’. आताही आबा ओसरीवर रेडिओला कान लावून बसलेले, आणि आत्या काकाकडे सहज जाऊन येतेय, एवढंच त्यांना सांगितलेलं.

म्हणजे जे काही करायचं ते फौजदारालाच. सुट्टीचा दिवस होता. घसा बसला होता, पण डोकं चालू होतं.

ती आधी खालच्या शेडमध्ये गेली. खाली लाकडाच्या भुश्श्याचा थर, आणि वर गोळ्यासारखी बसलेली पिल्लं. एकानं अर्धा डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि आलेल्या पाहुण्यात काही राम नाही असं ठरवून तो परत मिटला. फौजदार भांड्यांपाशी उकिडवी बसली. भिंतीकडच्या भांड्यांतलं पाणी चांगलं पिवळं होतं. पण खिडकीखालच्या, ऊन पडणाऱ्या भांड्यांतलं जवळजवळ बिनरंगाचं. बोट बुडवून तळाशी फिरवलं, तर गाळ नव्हता. काहीच हाताला लागेना. हे तिला खटकलं. भिंतीकडच्या भांड्यातलं थोडं पाणी तिनं बाटलीत भरून घेतलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची मोटरसायकल आली. त्यांनी एक पिल्लू उचललं, उलटंसुलटं केलं आणि जिभेनं च्यक केलं. उद्यापर्यंत फरक पडला नाही तर औषध बदलू, म्हणाल्या. कदाचित खालच्या किड्यांना हे औषध पचायला लागलं असेल.

“पण वरच्या पिल्लांना तर लागू पडलं,” फौजदार म्हणाली. “पिल्लं एकाच खोक्यातून आली. किडा तोच, पुडा तोच, आणि खालचे किडे तेवढे शहाणे?”

डॉक्टरीणबाईंनी पिल्लू खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग हे औषध करतं काय, ते त्यांनी तिला समजावून सांगितलं. ते किड्याला थेट मारत नाही. किड्याला वाढायला बी वन नावाचं एक जीवनसत्त्व लागतं, आणि हे औषध दिसायला हुबेहूब त्याच्यासारखं. किडा फसतो, खरं सोडून खोटं गिळतो आणि उपाशी मरतो. तोतया पाहुण्याला पंगतीत बसवायचं, म्हणजे खऱ्याला जागा उरत नाही, अशातली गत.

झाडपाल्याचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, लसूण, ओव्याची पानं वगैरेंनी भूक लागते, पोटाला थोडा आधार मिळतो. एवढ्या जोरावर आलेला आजार त्यानं हटणार नाही, पण एवढा बिघडणारही नाही.

“मग कशानं बिघडेल?”

“ते मला पिल्लांकडे बघून नाही कळणार,” डॉक्टरीणबाई हेल्मेट चढवत म्हणाल्या. “तू पाण्याकडे बघ.”

३

फौजदाराच्या यादीत पुढचा माणूस होता बिनघोरकाका. गल्लीच्या टोकाला औषधांचं दुकान. गिऱ्हाईक ताप घेऊन येवो नाहीतर खरूज घेऊन, काकांचं एकच, ‘बिनघोर राहा.’ पावडरचा पुडा त्यांच्याकडूनच आला होता. खोटा माल असेल तर?

तिनं तसं सरळच विचारलं. पूर्वी ती असलं काही विचारताना दोनदा घाम पुसायची. बिनघोरकाकांच्या कपाळावर पहिल्यांदाच घोर दिसला. त्यांनी त्याच खोक्यातला बंद पुडा काढून समोर आपटला, तारीख दाखवली, शिक्का दाखवला, आणि म्हणाले की हाच माल पलीकडच्या कोंबडीवाल्यानं नेला, त्याची कोंबडी काल त्याच्याच डोक्यावर उडून बसली.

फौजदारालाही ते पटत होतं. वरची पिल्लं त्याच पुड्यावर बरी झाली होती, हा तर बिनघोरकाकांचा सगळ्यात मोठा साक्षीदार. तिनं मनातल्या यादीतून त्यांचं नाव खोडलं आणि निघाली, तर काका मागून बोलतच होते. तुमच्या घरचं प्रत्येक माणूस माझी परीक्षाच घ्यायला येतं, परवा तुझे आबा आले, आपलं नेहमीचं घेतलं, या खेपेला चांगलं दुप्पट घेतलं, आणि जाताना माझं कपाट कसं चुकीचं लावलंय ते सांगून गेले.

यात नवल नव्हतं. आबा जन्मभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. दुसऱ्याचं कपाट नीट लावलेलं त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. रोज सकाळी सपाट गल्लीनं दुकानापर्यंत जायचं, आणि परत. गुडघ्यांना तेवढंच चालायचं.

घरी परतताना फौजदाराला एकच गोष्ट कळत होती. औषध खरं होतं. म्हणजे जे काही चुकलं होतं, ते पुडा घरात आल्यावर. म्हणजे घरातल्याच कोणाच्यातरी हातून.

आणि सगळी बोटं पुन्हा आत्याकडेच वळत होती.

४

आत्या साड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून परत घालत होती, म्हणजे जायची घाई काही नव्हती.

फौजदारानं न बोलता खिडकीत दोन वाट्या मांडल्या. एकीत शेडमधलं पिवळं पाणी, दुसरीत चिमूटभर हळद घातलेलं साधं पाणी. मग तिनं दोन्हींत धुण्याचा सोडा टाकला. हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेला असतो आणि सगळे विसरलेले असतात. हळदीची वाटी बघता बघता लालबुंद झाली. शेडमधल्या पाण्याची वाटी होती तशीच पिवळी राहिली.

“हळद नाहीच ही,” फौजदार म्हणाली. “हळद असती तर तळाशी बसली असती, आणि आता लाल झाली असती. आत्या, मग तू सकाळी नाही का म्हणाली नाहीस?”

आत्या खाटेवर बसली.

“हळद घातली का, असं तिनं कुठे विचारलं,” ती म्हणाली. “पाठीमागे काही घातलं का, असं विचारलं. आणि मी घातलं होतं. नाही कसं म्हणू?”

मग सगळं बाहेर आलं. पिल्लं खात नाहीत हे तिला बघवेना. ती रोज लसूण आणि ओव्याची पानं बारीक ठेचून त्यांच्या खाद्यात मिसळत होती. ठरवलेलं मोडलं होतं, आणि वहिनीच्या तोंडावर खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. कदाचित आपल्या लसणानंच ती दोन गेली असतील, असंही तिच्या मनानं घेतलं होतं.

“कुठल्या शेडमध्ये घालायचीस?”

“दोन्हीकडे. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असं मला जमत नाही बाई.”

फौजदारानं आत्याचा गालगुच्चाच घेतला. लसूण दोन्हीकडे, औषध दोन्हीकडे, आणि वरची पिल्लं ठणठणीत. म्हणजे लसूण सुटला, आत्याही सुटली. आत्याला हे दोनदा समजवावं लागलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली की मी सुटले असं तू म्हणतेस, पण वहिनी म्हणेल तेव्हा खरं, आणि तिनं पुढची साडी घेतली.

राहिला एकच प्रश्न. फक्त खालच्याच शेडमध्ये जाणारं, वर कधीच न जाणारं असं घरात कोण आहे?

फौजदार पाणी प्यायला ओसरीवर आली. तिच्या घशासाठी डॉक्टरांनी कसल्यातरी जालीम गोळ्या दिल्या होत्या, त्यातली दुपारची राहिली होती. तिनं गोळी तोंडात टाकली, आणि आबांनी रेडिओ बंद केला. आपल्या कपाटातून त्यांनी एक तपकिरी बाटली काढली आणि त्यातली एक कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली.

“कडक औषध कधी एकटं द्यायचं नसतं,” ते म्हणाले. “माणूस खचतो त्यानं. जोडीला ताकदीचं हवंच. आणि बाटली उन्हात ठेवू नकोस, रंग उडतो त्याचा.”

फौजदारानं कॅप्सूल गिळली नाही. ती मोरीत गेली, कॅप्सूलचं टोपण काढून आतली पूड तिनं पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि ढवळली.

पाणी पिवळं झालं. सुंदर, स्वच्छ, बिनगाळाचं पिवळं.

५

आता कोणीही म्हणेल, झालं की, सुटलं कोडं. फौजदारालाही आधी तसंच वाटलं. ती मोरीतच एक उडी मारणार होती.

मग तिला कळलं की उडी मारण्यासारखं यात काही नाही. बोललं तर आत्या राहील, पण आबांचं काय? न बोललं तर आत्या सकाळी बसमध्ये, आणि खालची पिल्लं एकेक करत खड्ड्यात. आईला गुपचूप सांगायचं आणि आबांच्या नकळत भांडी बदलायची, हाही एक मार्ग होता. घराच्या कायद्यात तो चपखल बसला असता. आबांना काही कळू द्यायचं नाही.

पण तो कायदाच तर या सगळ्याच्या मुळाशी होता. आबांना कोणी काही सांगत नव्हतं. मग आबा तरी कोणाला कशाला सांगतील?

ती ओसरीवर त्यांच्या खुर्चीजवळ बसली.

“आबा, खालच्या पिल्लांना तुम्ही ताकदीचं देता?”

आबांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कोणीतरी त्यांना कामाचं विचारलं होतं. देतो तर, म्हणाले. दुपारी सगळ्या आडव्या झाल्या की मागच्या दारानं जातो. आधी चार-पाच कॅप्सूल फोडायचो, कालपासून आठ-दहा फोडून तांब्याभर पाण्यात विरघळवतो, आणि भांड्यांत सारखं वाटून टाकतो. या दोघी औषधं देतात, पण जोडीचं देत नाहीत. कसं कळणार त्यांना? वरच्यांना द्यायची इच्छा फार आहे, पण त्या पायऱ्या चढवत नाहीत.

फौजदारानं बाटली हातात घेऊन लेबल त्यांच्याकडे वळवलं.

“आबा, यात पहिलं नाव कशाचं आहे?”

“बी वन,” आबांना वाचावं लागलं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं. किड्याला काय लागतं, औषध कसं तोतया बनून जातं, किडा कसा उपाशी मरतो. आणि जवळच खऱ्याची पंगत मांडलेली असली, तर तोतयाकडे कोणी वळूनही बघत नाही. तिला पुढचं वाक्य बोलायला लागलंच नाही. जन्मभर औषधं बांधून दिलेला माणूस तो. अर्ध्यातच त्याला कळलं.

आबांनी बाटली तिच्या हातातून घेतली.

“म्हणजे मी पिल्लांना नाही,” ते म्हणाले, “किड्यांना जेवू घातलं.”

फौजदार त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.

“मेली किती?”

घरात सगळे ‘झोपलीत’ म्हणायचे. फौजदारानं खरा आकडा सांगितला. तिला वाटलं, आता काहीतरी होणार, डॉक्टरला बोलवावं लागणार. आबांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि उघडले. मग त्यांनी विचारलं की घरात सकाळपासून कुजबुज कसली आहे, आणि माझ्या मुलीनं हिवाळ्याचे कपडे का भरलेत. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही.

तिनं तेही सांगितलं. आबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

“चल,” ते म्हणाले. “तुझ्या आईला हाक मार. आणि आत्यालाही.”

६

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौघंही बसली. टेबलावर तपकिरी बाटली, पिवळा पेला आणि लाल झालेली हळदीची वाटी. उलगडा करायचा मान फौजदाराचा होता आणि तिनं तो सोडला नाही. पुड्यापासून सुरुवात करून खोटा माल कसा नाही, हळद कशी नाही, लसूण का नाही, हे तिनं एकेक करून बाजूला काढलं. उन्हातल्या भांड्यांचा रंग का उडाला तेही सांगितलं. उरलं ते असं की, खालच्याच शेडमध्ये जाईल, पायऱ्या चढणार नाही, आणि जीव तोडून भलंच करायला बघेल असं कोणीतरी.

“मी,” आबा म्हणाले. “तिनं नव्हे.”

आईनं पदर तोंडाला लावला. सासऱ्यांवर ओरडायची तिला सवय नव्हती, आणि नणंदेची माफी मागायची तर त्याहून नव्हती. ती उठली, ओट्यापाशी गेली, काही न करता परत आली.

“माझ्याकडूनही झालंय,” आत्या खाली बघत म्हणाली. “मी लसूण घालत होते. ठरलेलं असताना.”

“मला माहीत होतं,” आई म्हणाली.

आत्यानं मान वर केली.

“लसणाचा वास लपतो होय, ताई? पिल्लं दोन दाणे जास्त खात होती, म्हणून मी गप्प बसले. मग पाणी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. गप्पच बसायचं होतं तर सगळ्यालाच बसायचं होतं, नाहीतर पहिल्याच दिवशी बोलायचं होतं.” ती थांबली. “बस चुकवा उद्याची. तुम्ही नसलात तर माझं कोणाशी पटत नाही, हे मला समजणार कसं?”

आत्याला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. फौजदारानं पाठ थोपटली.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला तेव्हा त्या म्हणाल्या की हे मीच पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. खालच्या शेडचं औषध पहिल्यापासून सुरू करा, म्हणाल्या, पाण्यात दुसरं काही नको. भुसा बदला, कोरडा ठेवा, कारण ओल्यात किडा पुन्हा डोकं वर काढतो. ताकदीचं वाईट नाही, पण औषध संपल्यावर. लसूण खाद्यात चालेल. आणि फोन आबांना द्या, म्हणाल्या. आबा त्यांच्याशी इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी आईला खुणेनं फोन काढून घ्यावा लागला.

संध्याकाळी चौघांनी मिळून भांडी घासली. पावडरचं माप आता आबा घेत होते. चमच्यातली पावडर सुरीच्या पाठीनं सपाट करून, डोळ्यांच्या रेषेत धरून. आई शेजारी उभी राहून पाहत होती आणि एकदाही काही बोलली नाही, ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी नवलाची गोष्ट.

एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. ते आबांना लगेच सांगितलं. त्यानंतर एकही नाही. माना आधी बाहेर आल्या, मग पंख अंगाला लागले, आणि एका सकाळी फौजदार शेडचं दार उघडते तो अख्खी फौज तिच्या चपलेच्या पट्ट्यावर तुटून पडली. तिला ती चप्पल तिथेच सोडून पळावं लागलं.

त्याच दिवशी बाबांचा फोन आला. ते दूर बोटीवर कामाला, लाइन मिळेल तेव्हा फोन करायचे. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? असल्या प्रश्नाला आई एका शब्दात उत्तर देऊन हवापाण्यावर जायची.

आईनं आत्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि फोनचा स्पीकर चालू करून तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

“वेळ आहे ना तुम्हाला?” ती म्हणाली. “मग बसून ऐका. बरंच झालंय.”

आणि चौघंही एकदम बोलायला लागली.